पाठीवरची साक्ष

स्फाक्स, ४ ऑक्टोबर

उम्मी,

"मी काळा रंग लावला नसता, तर तू पांढरा कोट घातला असतास का?" तुझा हा प्रश्न हेदीकाकांनी गाबेसची गाडी स्टँडला लावून उतरता उतरता मला ऐकवला, तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांचा आवाज तसाच आहे, त्यांना दोष नाही.

याचं उत्तर मला देता येत नाही. प्रयत्न केला. 'हो, घातला असता' म्हणणं खोटं आहे, कारण बाबा गेल्यावर माझी फी तुझ्या हातांनीच भरली. आणि 'नाही' म्हणाले तर तू तिथेच हात झटकून उठशील, पुढचं ऐकणार नाहीस. म्हणून तुझा प्रश्न बाजूला ठेवते आणि माझा पुन्हा विचारते. तो ऐकून तू फोन ठेवलास आणि तेव्हापासून उचललेला नाहीस.

त्या काळ्या बाटलीत तू काय घालतेस?

इब्तिसाम, ही ओळ तिला वाचून दाखव. तू धाकटी आहेस, घरात शांतता हवी असते तुला, सगळं माहीत आहे मला. तरी वाच.

दलेन्दा नावाची मुलगी आमच्या त्वचा विभागात आली. ऑगस्टमध्ये तू तिचे लग्नाचे हात रंगवलेस. आधी मेंदी, मग मेंदीवर हरकूसची काळी नक्षी. तिने हात ओढणीत गुंडाळून आणले होते. टेबलावर ठेवले आणि ओढणी सोडली. मी रोज हात बघते, उम्मी. सिमेंट कालवणाऱ्यांचे, मासे सोलणाऱ्या बायकांचे, न्हाव्यांचे. पण त्या हातांवर मी तुझी खजुराची फांदी ओळखली. पानं उलटी वळवायची तुझी सवय आहे. अख्ख्या गाबेसमध्ये दुसरं कुणी तशी वळवत नाही.

दोन महिन्यांपूर्वी ती फांदी फोडांची होती. आता फोड बसले आहेत आणि त्यांच्या जागी कातडी वर उचलून राहिली आहे, गुलाबी, मधे मधे पांढुरकी. पान न् पान दिसतं. आणि भोवती जिथे नुसती मेंदी होती, तिथली कातडी नितळ. हे तुला काही सांगत नाही?

तिच्या सासूला, हाज्जा सालहाला, ते वेगळंच काही सांगतं. माहेरच्यांनी रोग लपवून मुलगी गळ्यात मारली, असं ती म्हणते. दलेन्दाचं ताट वेगळं केलंय. टॉवेल वेगळ्या खिळ्याला. नवरा नौफेल आईच्या मागे उभा राहतो आणि जमिनीकडे बघतो. डाळिंबांची तोडणी संपली की तिला बापाच्या घरी सोडायचं आणि तलाकचे कागद कोर्टात न्यायचे, असं ठरलंय.

मी तिला विचारलं, रोगाचं हे सासूच्या डोक्यात आलं कुठून. ती म्हणाली, हात रंगवणारी हन्नानाच येऊन सांगून गेली. अंगणात बसून चहा प्यायली आणि म्हणाली, "इतकी वर्षं हात रंगवते मी, माझा रंग कुणाला चावला नाही. पोरीच्या रक्तातच काही असेल तर मी काय करणार?"

हे वाक्य तुझं आहे का, एवढं सांग. दलेन्दाला मी कोण ते अजून माहीत नाही. ती तुझी नक्कल करून दाखवत होती आणि नक्कल हुबेहूब होती.

डॉक्टर लमिया तिच्या पाठीवर पट्टी लावणार आहेत. शेजारच्या लतीफामावशीच्या मुलाची केली होती ती चाचणी ही नव्हे. त्याला ऑलिव्हच्या फुलोऱ्याने शिंका यायच्या. त्याच्या हातावर थेंब टाकून सुई टोचली आणि अर्ध्या तासात गांधी उठल्या. ही चाचणी संथ आहे, कारण हा राग संथ आहे. पाठीवर चिकटपट्टी, पट्टीत छोट्या छोट्या वाट्या, प्रत्येक वाटीत एकेक पदार्थ. दोन दिवस ती तशीच ठेवायची, पाणी लागू द्यायचं नाही. मग काढायची, बघायचं, आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. ज्या पदार्थाने घात केला असेल त्याच्या जागी कातडी लाल होऊन उठते. बाकीच्या जागा गप्प राहतात. एका वाटीत नुसतं व्हॅसलीन असतं, कातडी उगाचच कुणावरही ओरडत नाही ना, हे कळायला.

तू प्रत्येक नवरीला उरलेल्या रंगाची छोटी बाटली देतेस ना, शुभ म्हणून? दलेन्दाने ती जपून ठेवली आहे.

वीदाद

स्फाक्स, ११ ऑक्टोबर

उम्मी,

तू पाठवलेला मिरचीचा हरीसा मिळाला. बरणी फुटली नाही. निरोपही मिळाला, की हरीसा खा, अंगावर मांस चढू दे आणि लोकांच्या पाठी बघण्यापेक्षा स्वतःसाठी नवरा बघ. बाटलीबद्दल एक शब्द नाही.

हेदीकाका म्हणाले, "पत्र छान होतं हो तुझं. सगळ्या गल्लीला सलाम विचारलास." मी कुणालाही सलाम विचारला नव्हता.

इब्तिसाम, तुला लाज वाटायला हवी. या वेळी मी हेदीकाकांना सांगितलं आहे की तुमच्या ओट्यावर बसायचं, शेंगदाण्यांचा चहा प्यायचा आणि पत्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून होईपर्यंत उठायचं नाही. त्यांनी आनंदाने कबूल केलं. आता त्यांच्या देखत वाच.

चाचणी फसली. कशी, ते सांगते, कारण बाजारात तू वेगळंच सांगत फिरते आहेस.

दलेन्दाच्या पाठीवर पट्टी लावली आणि ती बसने गाबेसला परत गेली. दुसऱ्याच दिवशी तिच्या नणंदेच्या साखरपुड्याचं हम्माम होतं. दलेन्दा म्हणाली, मला पाठ भिजवता येणार नाही. हाज्जा सालहा म्हणाली, बायकांत बसून उघडी पाठ न दाखवणारी सून म्हणजे रोगी सून, आता गावाला काय सांगू? झालं. गेली ती. वाफेत पट्टी सैल झाली, आणि हम्मामवालीने खरखरीत पिशवीने तिची पाठ अशी घासली की पट्टी, वाट्या आणि आमच्या खुणा सगळं मोरीतून वाहून गेलं. आमच्याकडे आली तेव्हा पाठ नुसती घासून लाल झालेली. सगळीकडे सारखीच लाल.

डॉक्टर लमियांनी तिच्या कागदावर लिहिलं, 'वाचता येत नाही.'

हाज्जाने त्याचा अर्थ लावला की डॉक्टरांनाही रोग सापडेना, म्हणजे रोग भलताच खोल आहे. आणि तू? तू जाराच्या मेंदीबाजारात पिंपांमध्ये उभी राहून सांगितलंस की सरकारी दवाखान्याने माझा रंग निर्दोष ठरवला. हेही हेदीकाकांनीच सांगितलं. त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

वाचता आलं नाही म्हणजे तिथे काही नव्हतं, असं नसतं उम्मी. तुला हे पत्र वाचता येत नाही. म्हणून ते कोरं आहे का?

हे वाक्य तुला लागेल. मी खोडणार होते. खोडत नाही. दलेन्दा वेगळ्या ताटात जेवते आहे.

पाठ शांत झाली की पुन्हा लावायची आहे. या वेळी ती माझ्या खोलीत राहील. तिचा बाप येऊन सोडून जाणार आहे. हाज्जा म्हणाली, न्या, परत आणायची घाई करू नका.

आणि मी तिला सांगणार आहे की मी तुझी मुलगी.

वीदाद

स्फाक्स, २५ ऑक्टोबर

उम्मी,

या वेळी उत्तर आलं. तू शपथ घेतलीस, आजीच्या कबरीची. माजूफळ, लवंग, मोरचूद, आणि वर काजळी. तुझ्या आईने शिकवलं तेच, तसंच, बाकी काही नाही.

मी ते शब्दशः डॉक्टर लमियांना सांगितलं. त्यांनी प्रत्येक गोष्टीला वाटी दिली. माजूफळाला एक. लवंगेला एक. मोरचुदाला एक. काजळीला एक. जाराच्या बाजारातून मी मागवलेल्या शुद्ध मेंदीला एक. केसांच्या कलपात जे काळं रसायन असतं त्याला एक. तुझ्या बाटलीतल्या थेंबाला, पातळ करून, एक. आणि व्हॅसलीन. तुझी शपथ आम्ही सगळी पाठीवर मांडली.

ते दिवस दलेन्दा माझ्याकडे होती. पहिल्याच संध्याकाळी मी सांगून टाकलं. मला वाटलं रडेल, नाहीतर पिशवी उचलून निघेल. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसायलाच लागली. म्हणाली, "म्हणजे सासूने वाळीत टाकलं आणि हन्नानाच्या पोरीने घरात घेतलं. मग ताट वेगळं दे बाई मला. सवय मोडली तर परत गेल्यावर जड जाईल." मी एकाच परातीत कुस्कुस वाढलं. तिने दोन घास खाल्ले आणि मग रडली, पण ते वेगळं रडणं होतं.

खाज सुटली की ती उशी चावायची. "तुझ्या आईची आठवण येतेय," म्हणायची. पट्टीला हात लावला नाही. आंघोळ नाही, पालथं झोपणं, डोक्याला फडकं. बाहेर पडली नाही की जिना चढली नाही, घामाने पट्टी सुटू नये म्हणून. हे सगळं कशासाठी, तर आपण रोगी नाही हे सिद्ध करायला. तिने काय केलं होतं? लग्न केलं होतं.

आता ऐक. हेदीकाका, चहाचा घोट नंतर घ्या.

व्हॅसलीन गप्प. माजूफळ गप्प. लवंग गप्प. मोरचूद गप्प. काजळी गप्प. मेंदी तर इतकी स्वच्छ की तिची जागा मला खुणेवरूनच शोधावी लागली. आणि कलपाच्या रसायनाच्या जागी लाल, उठलेली, बारीक पाणीदार फोडांची चकती. तुझ्या बाटलीच्या जागी तशीच दुसरी. दोघी शेजारी शेजारी, सख्ख्या बहिणींसारख्या. चौथ्या दिवशी पाहिलं तेव्हा आणखी ठसठशीत झाल्या होत्या.

मेंदीने काही केलेलं नाही. तुझ्या आईने शिकवलेल्या कशानेही काही केलेलं नाही. आजीची कबर तू उगाच मधे आणलीस. तिची कृती निर्दोष निघाली. तू तिच्यात जे मिसळलंस ते निघालं नाही. कलपाची पूड, उम्मी. रात्रभर बसून मुरवायला नको, तासाभरात नक्षी काळी कुळकुळीत होते आणि फोटोत उठून दिसते.

तुला माहीत नव्हतं, असं मी चौथ्या दिवसापर्यंत स्वतःला सांगत होते. अडाणी आहे, कुणीतरी पूड विकली, हिने घातली. मग तो निळा हातमोजा आठवला.

मेंदी तू उघड्या हाताने कालवायचीस. तुझे तळवे बारा महिने लाल. बाटली हलवताना मात्र उजव्या हातात निळा रबरी हातमोजा. मी विचारलं होतं, तू म्हणालीस, काळा डाग नखांतून जात नाही. तुझ्या नखांत मेंदीचा डाग कायमचा बसलेला, त्याचं तुला कधी काही वाटलं नाही. काळ्याचंच वाटलं?

आणि सराव कुणाच्या हातावर करायचीस? नवरीच्या आधी नक्षी बसवून बघायला? माझ्या. डाव्या हातावर, कारण उजव्याने शाळेत लिहायचं असायचं. मला खाजायचं. मी रडायचे तर तू हातावर फुंकर घालायचीस आणि म्हणायचीस, "खाजतंय म्हणजे रंग चढतोय." गाबेसच्या सगळ्या बायका हेच म्हणतात. आयांनी मुलींना सांगितलंय आणि मुलींनी त्यांच्या मुलींना. दलेन्दाही लग्नाच्या रात्री हेच ऐकत बसली होती. हात जळत होते आणि भोवती सगळ्या जणी सांगत होत्या, बघ, चढतोय.

तू मोजा घालून हे म्हणत होतीस.

डॉक्टर लमियांना विचारून मी माझ्या पाठीवरही पट्टी लावून घेतली आहे.

वीदाद

स्फाक्स, ३० ऑक्टोबर

उम्मी,

खाजतंय. रंग चढतोय.

मेंदीची जागा स्वच्छ. कलपाची उठली. बाटलीची उठली. डॉक्टर लमिया म्हणाल्या की शरीराला अशी ओळख एकदा पटली की ते विसरत नाही. मी आता आयुष्यात कधी केस काळे करायचे नाहीत, कुठल्याही नक्षीला हात द्यायचा नाही. काही औषधंही जपून. सगळ्यांचं असं होत नाही. शंभर हात रंगवले तर पुष्कळांना काहीच होत नाही, आणि म्हणूनच तू म्हणू शकतेस की माझा रंग कुणाला चावत नाही. ज्यांना चावला त्यांच्या घरी तू परत जात नाहीस.

तुझा निरोप हेदीकाकांनी या वेळी हळू आवाजात दिला. मला बाजूला घेऊन. मी गप्प बसले तर तू पूड बंद करशील. पुन्हा माजूफळ मुरवशील, रात्री जागशील, पण बाहेर काही कळता कामा नये. आणि मी तुझं नाव घेतलं तर घर मला बंद.

तुला वाटलं हा सौदा चांगला आहे. चांगला आहेच. पुढच्या मुली वाचतील. इब्तिसामचे हात वाचतील, तिचंही लग्न एक दिवस होईल. माझी आई बाजारात ताठ मानेने चालेल. सगळ्यांचं भलं होतं यात. फक्त दलेन्दा राहते. तिचं बापाच्या घरी जाणं, तिच्या नावावर चिकटलेला रोग, तिच्या धाकट्या बहिणींना कुणी न विचारणं, हे कुणी धुवायचं? त्या रोगाचं नाव तू ठेवलंस. ते परत घ्यायला तूच जायला हवं होतं. एवढंच तुला करायचं होतं. माझ्याबरोबर चल म्हणून मी फोन केला, पुन्हा केला. इब्तिसामने उचलला आणि म्हणाली, ती नमाज पढतेय. दोन्ही वेळा.

बाटलीत काय आहे हे विचारण्याआधी मला तुझा राग आला नव्हता. मला वाटायचं, माझी आई गरीब आहे, पण तिचे हात खरे आहेत. वसतिगृहात मुली आपापल्या बापांचे हुद्दे सांगायच्या तेव्हा मी सांगायचे, माझी आई हन्नाना. ताठ बसून सांगायचे.

पूड बंद कर. सौदा म्हणून नाही. बंद कर.

वीदाद

गाबेस, ७ नोव्हेंबर

उम्मी,

काम झालं आहे. गाव तुला सांगेलच. त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून स्टँडवर बसून लिहिते आहे. हेदीकाका समोरच आहेत. त्यांनी काही विचारलं नाही, नुसती लाब्लाबी आणून दिली. गरम चण्यांत भाकर कालवली आहे.

डाळिंबं उतरली. काल दलेन्दाची पेटी तिच्या सासरच्या अंगणात आणून ठेवली होती. आज दुपारी तिचा बाप गाडी घेऊन येणार होता. मी सकाळीच पोचले. डॉक्टर लमियांनी नीट लिहून, शिक्का मारून कागद दिला होता. दलेन्दाने आधीच सांगितलं होतं की सगळं सांग, माझं काही झाकू नकोस, झाकून काय उरलंय.

अंगणात बायका डाळिंबं फोडत बसल्या होत्या. हाज्जा सालहा मधे, मांडीवर परात. मी कागद पुढे केला. तिने हात पुसलेही नाहीत. म्हणाली, "मला वाचता येत नाही. आणि वाचणाऱ्यावर माझा विश्वास नाही. शाळेत शिकलेली माणसं कागदावर काहीही लिहितात."

मला हसू आलं, उम्मी. तूच बोलत होतीस.

मी तोंडाने सांगून पाहिलं. वाट्या, पट्टी, मेंदी गप्प राहिली, बाटली बोलली. ती ऐकत होती आणि दाणे काढत होती. म्हणाली, "माझ्या दोन मुली त्याच हन्नानाने रंगवल्या. त्यांना काही झालं नाही. रंग वाईट असता तर सगळ्यांनाच झालं असतं. हिच्या एकटीच्या अंगात उठलं, म्हणजे हिच्या अंगातच आहे." बायकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, दवाखान्यातली पोरगी आहे, पैसे घेऊन आली असेल. दलेन्दा आपल्या पेटीवर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची आशा संपली होती आणि ती नुसती गाडीची वाट बघत होती.

अंगणात पुरुष कुणी नव्हतं. मी दाराला कडी घातली. डोक्यावरचा रुमाल काढला, सदऱ्याची बटणं सोडली, खांद्यांवरून खाली केला आणि हाज्जाकडे पाठ करून तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "कागद राहू दे मग. हे वाच."

मग तिने हात पुसल्याचा आवाज आला. चष्मा मागवला. बोट लावलं, आधी दूर, मग नेमकं त्या चकतीवर. मी दचकले, अजून हुळहुळतं.

"हिच्यासारखंच आहे हे," ती म्हणाली. माझ्याशी नाही, शेजारणीशी.

मी म्हणाले, हो. त्याच बाटलीतला थेंब आहे. शेजारची चकती कलपाच्या रसायनाची. आणि हाज्जा, या इथे, खालच्या खुणेपाशी मेंदी होती, काही दिसतं का?

"काही नाही."

"माझ्या रक्तात रोग आहे का?"

ती म्हणाली, "तुझं रक्त मला काय माहीत. तू कुणाची?"

तेव्हा मी सांगितलं. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. हेदीकाकांचा आवाज उसना घेऊन.

दाणे काढायचे थांबले. हाज्जा माझ्यासमोर येऊन बसली, माझा डावा हात हातात घेतला आणि कोपरापर्यंत उलटसुलट करून पाहिला. तिथे आता काहीच नाही, पण ती बघत राहिली. म्हणाली, "आईचं नाव असं परक्या अंगणात आणून टाकताना जीभ जड नाही झाली तुझी?"

झाली होती. अजून आहे. पण मी तिला तसं सांगितलं नाही. मी म्हणाले, तुमच्या सुनेचं नाव माझ्या आईने याच अंगणात टाकलं होतं. ते उचलायला आले.

हाज्जाने माफी मागितली नाही. ती त्यातली नाही. ती उठली, मोरीकडे गेली, वेगळ्या खिळ्यावरचा टॉवेल काढला आणि बाकीच्या टॉवेलांच्या दोरीवर टाकला. मग दलेन्दाला म्हणाली, "बसलीस काय पेटीवर? परात जड आहे, धर एक बाजू." दलेन्दाने धरली. तिच्या बापाला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं, तेही नौफेलने, आईने डोळे वटारल्यावर. या घरात ती सुखी होईल की नाही, मला माहीत नाही. मला ते घर फारसं आवडलं नाही. पण राहायचं की जायचं हे आता ती ठरवील, रोग ठरवणार नाही.

आता तुझ्या दारात कुणी येईल, कुणी येणार नाही. काही जणी शिव्या द्यायला येतील. त्यांना दार उघड. आजीची कृती निर्दोष आहे, हे मी बोलता बोलता तिथे दोनदा सांगितलं. माजूफळ मुरवून रंगवशील तर तुझ्यासारखी नक्षी कुणाला जमत नाही, हेही सांगितलं. बायकांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

तू घर बंद करणार म्हणाली होतीस. गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. तुझी खिडकी उघडी होती, लवंगा भाजल्याचा वास येत होता. म्हणजे तू खरंच पुन्हा मुरवायला घेतलं आहेस, की शेजारणीकडचा वास होता, ते बघायला मी थांबले नाही. दार वाजवलं नाही. मागे वळून स्टँडवर आले.

इब्तिसाम, आज काही गाळू नकोस. हळू वाच.

पांढऱ्या कोटाच्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, उम्मी. आज तो कोट मी घातला नव्हता. हाज्जा सालहाच्या अंगणात मी उघड्या पाठीने बसले होते, आणि तिने विचारलं तू कुणाची, तेव्हा म्हणाले, "मी वीदाद. मब्रूका हन्नानाची थोरली मुलगी. बाटली माझ्या आईची आहे." तुझं नाव पूर्ण घेतलं, आणि मगच पाठ झाकली.

वीदाद